सुटलेल्या माशांचे मालक

सोलापुरात पाण्याची चौकशी टक्क्यांत होते आणि टक्के उणे निघाले तरी कुणी दचकत नाही. "उजनी किती?" "उणे बावीस." एवढं बोलून दोघंही निवांत चहा पितात. परगावच्या पाहुण्याला मात्र हे झेपत नाही. पाणी संपलं तर शून्य, शून्याच्या खाली कसं जाणार, असं तो विचारतो. मग त्याला समजावून सांगावं लागतं की धरणात तळाशी त्रेसष्ट टीएमसीहून जास्त पाणी 'मृत' म्हणून धरलेलं असतं आणि त्याच्यावरचं त्रेपन्नच्या आसपासचं तेवढं 'उपयुक्त'. उपयुक्त संपलं की शून्य. मृतातलं उचलायला लागलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठाच्या घरात गेला होता. थोडक्यात, आमच्याकडं मेलेलं पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त आहे आणि अडीनडीला अख्खा जिल्हा त्या मेलेल्यावरच जगतो.

हा हिशेब ज्याला पटला त्यालाच गळवाले अण्णा कळतील. अण्णांनी आजवर पकडलेले मासे हा त्यांचा उपयुक्त साठा. तो ज्या त्या रविवारी रात्रीच खाऊन संपला. सुटलेले मासे हा मृतसाठा. तो अफाट आहे, दरवर्षी वाढतो, आणि अण्णा बारा महिने बोलतात ते त्याच्यातूनच उचलून.

अण्णा कुण्या एका घरात राहत नाहीत. पूर्व भागात ते लूमवर असतात, रेल्वे लाईन्सला निवृत्त गार्ड असतात, जुळे सोलापुरात बँकेतून लवकर बाहेर पडलेले असतात. घरी तेलुगू बोलोत, कन्नड बोलोत की मराठी, पाण्याच्या काठावर त्यांची भाषा एकच: डाव्या हाताची करंगळी वर केली की 'हलू नको' आणि मान हलवली की 'गेला'. पूर्व भागातल्या अण्णांना इतर अण्णा जरा जास्त मानतात, कारण तुटलेला धागा जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी मारलेली गाठ पाण्यात सुटत नाही. मासा सुटतो तो इतर कारणांनी.

शनिवारी संध्याकाळी हा माणूस ओळखू येतो. स्कूटरला आडवी बांधलेली काठी, तिला उशीचा अभ्रा चढवलेला. पिशवीत गळ, शिशाचे मणी, बुचाचे तुकडे, आणि शेव-चिवड्याच्या जुन्या डब्यात माती घालून ठेवलेली गांडुळं. हा डबा एकदा फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी सापडला आणि तेव्हापासून घरात काही बाबतींत लेखी नियम झालेले आहेत. गांडुळांशिवाय कणकेचा गोळा असतोच. त्यात शेंगपेंड, हिंग आणि एक गुपित वस्तू. हे गुपित प्रत्येक अण्णा मरेपर्यंत जपतो. कुणी बडीशेप घालतो, कुणी आइस्क्रीमचा इसेन्स, कुणी हळूच बायकोच्या डब्यातला काळा मसाला. काठावर मात्र सगळ्यांच्या गोळ्याला हिंगाचाच वास येतो.

"चटणीला शेंगा आणा म्हटलं तर विसरता," काकू म्हणतात, "आणि माशाला पेंड न सांगता आणता."

"मासा रोज कुठं सांगतोय? त्याचं आपल्यालाच ओळखावं लागतं."

"माझं ओळखायला किती गांडुळं लागतील?"

यावर अण्णा काठीचा अभ्रा नीट करत बसतात.

जागांची अण्णांकडं उतरंड आहे. गावातला सिद्धेश्वर तलाव देवाचा. तिथं ते सहकुटुंब जातात, हात जोडतात, आणि पाण्यात काही वळलं की हात जोडलेलेच ठेवून त्याचं वजन मनात धरतात. हिप्परगा हा रोजच्या सरावाचा. तुळजापूरच्या रस्त्यावर इंग्रजांनी बांधलेला हा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला. "दीडशे वर्षं झाली," अण्णा सांगतात, "तेव्हापासूनचे मासे असतील आत." तेव्हापासून हा तलाव कितीतरी उन्हाळ्यांत तळाला गेला, ही गोष्ट ते विचारात घेत नाहीत. सीना नदीचे बंधारे हे पाऊस पडल्यानंतरचे. गढूळ पाणी चढलं की तिथं वाम मिळते. आणि सगळ्यात वर उजनी. १९८० साली भीमेवर उभं राहिलेलं हे धरण, त्याचं नाव यशवंतसागर. त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेला. इकडं हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला लोक पुण्यामुंबईहून येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून. अण्णांना रोहित पक्ष्यांबद्दल आकस आहे. एवढी लांब मान करून दिवसभर पाण्यात उभं राहायचं, आणि खायचं काय तर शेवाळ आणि किडे!

धरण भरलं काय आणि आटलं काय, अण्णांचं कधी अडत नाही. उजनी उणे झाली की पाणी कमी, मासे दाटीवाटीनं, म्हणजे जायलाच पाहिजे. उजनी एकशे दहा टक्के झाली की नवं पाणी, मासा खुशीत, म्हणजे न जाऊन कसं चालेल? परत येताना दोन्ही कारणं उलटी होतात. उणेला पाणी तापलं होतं, एकशे दहाला मासा पांगला होता. धरणाचं दार उघडून भीमेत पाणी सोडलं असेल तर आणखी सोपं. "सगळा माल पंढरपूरला गेला. आता वारीला निघालेल्याला आपण अडवायचं होय?"

माशांच्या ज्ञानात मात्र अण्णांना तोड नाही. तलाव म्हणजे तीन मजली इमारत, असं ते नव्या माणसाला शिकवतात. वरच्या मजल्यावर कटला. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो पृष्ठभागाजवळचं खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्याला मृगळ, त्याचं तोंड खाली, चिखलात. तेव्हा गळ किती खोल सोडायचा हे आधी ठरवायचं, नाही तर कटल्याचं पत्र मृगळाच्या घरी जातं. मरळ या इमारतीत भाडेकरू म्हणून धरत नाहीत, ती गुंड. पाण्याबाहेर येऊन हवा घेते, ओल्या पोत्यात घातली तर घरापर्यंत जिवंत पोचते आणि मोरीत पोचल्यावर पहिली लढाई सुरू करते. अण्णांच्या घरच्या मोरीच्या दाराला खालून फळी मारलेली आहे, तिचा इतिहास हाच.

चिलापीचं नाव काढलं की अण्णांचा चेहरा बदलतो. ही मूळ आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता उजनीत तिचंच राज्य. पिल्लांना मादी तोंडात घेऊन सांभाळते, त्यामुळं एकही वाया जात नाही. लहान मुलानं काठीला दोरा बांधून टाकला तरी चिलापी लागते. म्हणूनच अण्णा तिला मासा मानत नाहीत. चिलापी लागली की ती 'लागत' नाही, 'अडकते'. दहा अडकल्या तरी अण्णा म्हणतात, "आज काही नाही." आणि रात्री त्या दहाही, लसूण-मिरचीच्या वाटणात परतून, भाकरीबरोबर एकटेच संपवतात.

२०२३ साली महाराष्ट्रानं रुपेरी पापलेट हा राज्यमासा जाहीर केला, तेव्हा अण्णा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. समुद्राचा मासा! ज्या जिल्ह्यांनी समुद्र सहलीत बघितला त्यांनी काय करायचं? कटल्याला आमदार नाही, हे त्यांचं अंतिम मत. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थानं १६५३ साली गळ टाकण्यावर अख्खं पुस्तक छापलं, आणि ते गृहस्थ लंडनला कापडाच्या व्यापारात होते, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. तेव्हापासून कापडाच्या गावालाच मासेमारी शोभते, हा सिद्धांत ते भेटेल त्याला ऐकवतात. पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. वाचायची गरजही नाही, "हिंग घालायचं त्याला माहीत होतं का?" एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष काठावरचे अण्णा वेगळे. पहाटे गार वारं असताना ते सोलापुरी चादर अंथरून बसतात. ऊन चढलं की तीच चादर डोक्यावर येते आणि मे महिन्यात ती ओली करून पुन्हा पुन्हा पिळली जाते. जेवण म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी चावताना होणाऱ्या आवाजानं मासा पळतो की नाही, यावर अण्णांच्यात दोन तट आहेत. एरवी दोन मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं तर गॅस एजन्सीवाल्याचा उद्धार करणारा हा माणूस तरंगत्या बुचाकडं चार चार तास बघत राहतो. बूच जरा हललं की श्वास रोखतो. बहुतेक वेळा ते वाऱ्यानं हललेलं असतं.

दुपारी जाळी काढून होडी घेऊन भोई परततो. त्याचं पोट या पाण्यावर आहे, ठेका त्याच्या सोसायटीचा आहे, आणि त्याच्या होडीत तळाशी चांदीसारखा ढीग पडलेला आहे. तो काठाला होडी लावतो आणि खऱ्या आपुलकीनं विचारतो, "काय मालक, लागलं का काय?"

"लागला होता."

"केवढा?"

अण्णा काठी मांडीवर घेतात, उजवा हात डाव्या कोपरावर ठेवतात आणि मग तो खांद्याकडं सरकू लागतो. भोई मान डोलवतो. त्यानं उभ्या आयुष्यात कुणाचा हात मधेच थांबवलेला नाही. उलट जाताना तो म्हणतो, "हाय की तसला एक ह्या अंगाला. आमच्या जाळ्याला बी भोक पाडून गेलाय." एवढ्या वाक्यावर अण्णांचे पुढचे सहा महिने निघतात.

सुटलेला मासा घरी पोचेपर्यंत पाच किलोंचा असतो. सोमवारी कट्ट्यावर सात, दिवाळीत पाहुण्यांसमोर अकरा. हल्ली मोबाईल आल्यापासून सापडलेल्या माशांनाही थोडा फुगवटा मिळालाय: हात लांब करून मासा कॅमेऱ्याच्या नाकाशी धरायचा आणि आपण शक्य तेवढं मागं झुकायचं. त्या फोटोत रोहू अण्णांच्या छातीएवढा दिसतो. तो धरणारा अंगठा मात्र भेंडीएवढा दिसतो, तिकडं कुणी बघत नाही.

काकू बघतात. रिकाम्या हातानं आल्यावर वाटेत बाजारातून मासा घेऊन येण्याची युक्ती त्यांच्यापुढं चालत नाही. त्या बोट घालून माशाचं तोंड उघडतात. गळाचा मासा असेल तर ओठाला भोक हवं. जाळ्याचा असेल तर अंगावर जाळीचे वळ असतात. "ह्याला गळ कुठून लागला, शेपटीतून?" एवढंच विचारून त्या विळी घेतात. या चौकशीवर अण्णांनी काढलेला उपाय धर्माला धरून आहे: ते शक्यतो एकादशीला जातात. पंढरपूर ज्यात आहे त्या जिल्ह्यात एकादशीला मासा न आणल्याबद्दल बोलायची कुणाची हिंमत आहे? त्या दिवशी ते लागलेले सगळे मासे सोडून देतात. किती, ते नंतर सांगतात.

आणि मग एका रविवारी उजनीच्या फुगवट्यावर, केत्तूरच्या बाजूला, अण्णांना खरोखर कटला लागला. दोरी गाऊ लागली, काठी वाकली, लूमवाल्या मित्राची गाठ टिकली, भोयानं होडीतून येऊन खालून जाळं धरलं. भिगवणच्या मासळी बाजारात अडत्याच्या काट्यावर तो तोलला: नऊ किलो दोनशे ग्रॅम. साक्षीदार तीन. फोटोत हात लांब करायची गरज पडली नाही. उलट मासा फ्रेममध्ये बसेना.

गल्ली जमली. अण्णा बोलायला उभे राहिले, आणि चार मिनिटांत गोष्ट संपली. लागला, ओढला, तोलला. पुढं काय सांगायचं? वजन तर काट्यानं आधीच सांगून टाकलेलं, लांबी सगळ्यांसमोर परातीत आडवी पडलेली. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथून वर सरकायला त्याला वाटच मिळेना. लोकही माशाकडं बघून गप्प. अशा वेळी काय म्हणतात ते कुणालाच येत नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला, "अण्णा, गेल्या साली सुटला तो केवढा होता म्हणायचा?"

"वीसच्या पुढं," अण्णा सावधपणे म्हणाले.

"मग हे त्याचं पोरगं असंल."

"धाकटं," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जाग्यावर आला. पुढचा तासभर ते त्या थोरल्याबद्दलच बोलत होते. परातीतल्या कटल्याकडं कुणी पाहिलं नाही. त्या तासात एक गोष्ट उघड झाली: सुटलेला मासा अण्णांचा एकट्याचा नव्हताच. गल्लीनं तो इतकी वर्षं वाढवला होता, वजन लक्षात ठेवलं होतं, आणि त्याच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क होता.

पकडलेल्याचे तुकडे घरोघर गेले. काकूंच्या पातेल्यात डोकं मावेना, म्हणून शेजारच्यांचं लग्नातलं मोठं पातेलं आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगं रिकामा डबा परत द्यायला आलं. "आजीनं सांगितलंय, छान होता. आणि विचारलंय, मोठा कधी आणणार?"

अण्णांची छाती त्या फोटोतल्यापेक्षा रुंद झाली. आत वळून त्यांनी आवाज दिला, "ऐकलंस का? गल्लीला मोठा पाहिजे."

"आणा की," आतून काकू म्हणाल्या. "पण पातेलं गल्लीनं आणायचं. आणि तोंड मी बघणार."