टाकीचे सेक्रेटरी

आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी काका निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. मी दोन फुटी फिशटँक आणला आणि त्यांना नवी इमारत मिळाली.

"मासे आणायचे नाहीत," काका दारातूनच म्हणाले. "ओसी मिळालीय का?"

फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरिया राहायला आल्याशिवाय टाकीला ओसी नाही, असा काकांचा नियम. घाणीतून अमोनिया होतो, काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे. तोवर मी रोज बिनमाशांच्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकत होतो, आणि बायको माझ्याकडे बघत होती. आमची स्वतःची इमारत नऊ वर्षं ओसीविना नांदली, हा विषय मी काढला नाही.

अखेर टेस्ट किटची अमोनियाची नळी पिवळी राहिली आणि एका रविवारी आम्ही कुर्ल्याला गेलो. दुकानदार जाळी घेऊन तयार. काकांनी चष्मा पुसला आणि अर्ज छाननीला घेतले.

गोल्डफिश? "पन्नास लिटरात? ड्रेनेज तुंबवेल. शिवाय त्याला थंड पाणी हवं." टायगर बार्ब? "दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. आपल्याकडे असे दोन आहेत, तिसऱ्या मजल्यावर." एंजल? "आज गोंडस आहे. मोठा झाला की शेजारचे निऑन गिळेल." काच साफ करणारा दोन इंची सकर मला आवडला होता. काकांनी कोपरापर्यंत हात दाखवला. "एवढा होतो. पोटभाडेकरू म्हणून येतो आणि फ्लॅट बळकावतो."

मंजूर झाले ते आठ निऑन टेट्रा, कारण ते घोळक्यातच खूश असतात. तळमजल्याला सहा कोरीडोरास. आणि चार गप्पी. तेही सगळे नर! हयातभर बॅचलरांना फ्लॅट नाकारणाऱ्या काकांनी इथे बॅचलरच हवेत म्हणून हट्ट धरला. "एक मादी आली तर महिन्याला वीस पिल्लं. पाण्याचं कनेक्शन पुरणार नाही." सगळं एकाच दिवशी नाही, हेही बजावलं. आधी गप्पी, पंधरा दिवसांनी बाकीचे.

घरी पिशव्या पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या. नव्या भाडेकरूंना लॉबीत बसवल्यासारखं. चारांपैकी एक गप्पी जरा करडा, शेपटीला रंग कमी. "लाजाळू असेल," काका म्हणाले.

निऑन आणायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने हाक मारली. काकाही आले. मोबाइलचा टॉर्च लावून, काचेला नाक टेकवून ते झाडाच्या मुळांत बघत राहिले. डोळे आणि शेपटी, बाकी काहीच नाही, अशी टिंबं.

"सात," ते पुटपुटले. "नाही, नऊ." मग खिशातून पेन काढून माझ्याकडे वळले.

"यांची नावं रजिस्टरला नाहीत."