शून्य एकरांचा मालक

शिरपूर जैनच्या एखाद्या शेतकऱ्याने सी भाषेतल्या प्रोग्रॅमला 'पाच एकर' सांगून पाहावं. अ‍ॅटॉय नावाचं फंक्शन निर्विकारपणे शून्य लिहून घेतं. तलाठी निदान चष्म्यावरून बघतो तरी! मराठी '५' दाबला तरी शून्यच. त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. गट नंबर 112/2 दिला, तर 112 घेऊन तिरक्या रेघेपाशी थांबतं. पोटहिश्श्याचा वाद क्षणात निकाली. (कोर्टात एवढी सोय नाही.)

इनपुट वाचणारं स्कॅनएफ हे फंक्शन त्याहून हट्टी. न पटलेली अक्षरं ते घेतही नाही, टाकतही नाही. शिरपूर म्हणजे अधांतरी मानल्या जाणाऱ्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीचं गाव, तिथे अधांतरीचं काय नवल, पण इथे बिचारा लूप त्याच अक्षरांभोवती जन्मभर फेऱ्या मारतो.

स्ट्रटॉल मात्र वाचन कुठे अडलं ते दाखवतं, आकडा आवाक्याबाहेर गेला तर तेही कळवतं. सी भाषेच्या १९८९ च्या मानकापासून हजर आहे. नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवतात ते मात्र स्कॅनएफच.

आणि दशांशवालं स्ट्रटॉड? '5.20' अगदी बिनचूक वाचतं: पाच पूर्णांक दोन दशांश. शेतकऱ्याच्या मनात पाच एकर वीस गुंठे, म्हणजे साडेपाच. तपासणी पास, बारा गुंठे गायब.