नऊ वेळा ‘अचीव्ह्ड’

मार्च उजाडला की माझ्या भाचीला ऑफिसात ‘सेल्फ अप्रेझल’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. वर्षभर आपण काय दिवे लावले ते आपणच लिहायचं, तेही इंग्रजीत आणि न लाजता. परवा शनिवारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, “मामा, ‘अचीव्ह्ड’ नऊ वेळा झालंय. दुसरे शब्द दे ना.” मी जन्मभर मुद्रितं तपासली. तेवढ्या भांडवलावर घरातली माणसं मला शब्दांचं रेशनदुकान समजतात.

मी तिला त्या शब्दावर कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ-सेव्हन एकदम दाबायला सांगितलं. बाजूला समानार्थी शब्दांची रांग उभी राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं आणि मला होतं! असा योग दहा वर्षांतून एकदा येतो, म्हणून मी तो चवीचवीनं चघळला.

पण समानार्थी शब्द हे एका चाळीतले भाडेकरू असतात. पत्ता एक, स्वभाव निराळे. भाचीनं पहिल्याच फटक्यात खर्चातली बारा टक्के कपात ‘अटेन’ करून टाकली. मी म्हटलं, अगं, ‘अटेन’ला चढण लागते. माणूस वय अटेन करतो, पद करतो, बुद्धांनी निर्वाण केलं. तू प्रिंटरचा कागद वाचवलास. मग तिनं ‘रिअलाइज’ घातला. स्वप्नाला किंवा नफ्याला तो शोभतो. पण ‘आय रिअलाइज्ड द टार्गेट’ वाचून साहेबाला वाटायचं, टार्गेट होतं हे हिला मार्चमध्ये उमगलं. ‘पुल ऑफ’ तिला फार आवडला. अडचण एवढीच की, हे हिला जमेलसं कुणालाच वाटलं नव्हतं, असा त्यात सूर आहे. दुसऱ्यानं म्हटलं तर कौतुक, स्वतः लिहिलं तर स्वतःचीच चुगली. राहिला ‘अकम्प्लिश’. तो भारदस्त, अख्खी मोहीम फत्ते करणारा. पण त्याचाच ‘अकम्प्लिश्ड’ जेन ऑस्टिनच्या काळात उपवर मुलींना लावत. पियानो येतो, चित्रं काढते, फ्रेंच बोलते. म्हणजे आपल्या जाहिरातींतल्या ‘गृहकृत्यदक्ष’ची विलायती मावसबहीण. “मामा, खोड तो शब्द,” भाची म्हणाली.

ज्यानं इंग्रजीत या रांगा पद्धतशीर लावल्या तो पीटर मार्क रॉजे पेशानं डॉक्टर. पहिली यादी त्यानं १८०५मध्ये केली आणि ‘थिसॉरस’ छापून आला १८५२मध्ये, म्हातारा त्र्याहत्तर वर्षांचा असताना. त्यानं शब्द अकारविल्हे न लावता अर्थाप्रमाणे घरं पाडून बसवले. जुन्या आवृत्तीत यश ७३१ क्रमांकाच्या घरात आहे आणि अपयश ७३२मध्ये. मध्ये भिंतसुद्धा जाड नाही.

आणि गंमत म्हणजे ‘सक्सेस’ हा शब्दच मुळात एवढा दिमाखदार नव्हता. लॅटिनमध्ये तो नुसता ‘मागून येणारा’. म्हणून तर गादीवर मागून येणारा तो ‘सक्सेसर’. पूर्वीच्या इंग्रजीत सक्सेस चांगलाही असे, वाईटही असे. काय निष्पन्न झालं, एवढाच अर्थ. ‘अचीव्ह’च्या पोटात डोक्याला असलेला जुना फ्रेंच शब्द आहे, जो ‘चीफ मिनिस्टर’मध्ये आणि हॉटेलातल्या ‘शेफ’मध्येही बसलाय. काम डोक्यापर्यंत, म्हणजे शेवटाला न्यायचं. आपण गड ‘सर’ करतो त्यातला सर फारसी, आणि त्याचाही अर्थ डोकंच! पण रोजच्या कामाला आपण डोक्यावर चढत नाही, नदी ओलांडतो. काम तडीला जातं, पार पडतं. तड म्हणजे काठ आणि पार म्हणजे पलीकडचा काठ.

“मग मराठीत अचीव्हला काय म्हणतात?” भाचीनं विचारलं. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. ‘साध्य करणे’ आहे, पण तो मंत्र्यांच्या भाषणाबाहेर फारसा फिरकत नाही.

एवढ्यात तिची मामी गच्चीवरून खाली आली, पदराला घाम पुसत. कुरडयांचे दिवस. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, वरचं पाणी नितळू द्यायचं, मग तो शिजवताना हात थांबू द्यायचा नाही. तीस वर्षं ही बाई हे करते आहे. “जमल्या बाई यंदा,” ती म्हणाली. गहू चांगला निघाला, चिकात गाठी झाल्या नाहीत, ऊन कडक मिळालं. श्रेय गव्हाला, चिकाला आणि सूर्याला. गेल्या वर्षी कुरडया लालसर झाल्या, तेव्हा मात्र उन्हाचं नाव निघालं नव्हतं. “माझंच चुकलं” होतं.

माझं उत्तर गच्चीवरून चालत आलं होतं. मराठीत आपण यश मिळवतो कमी, ते येतं जास्त. ‘प्रयत्नांना यश आलं.’ डॉक्टरच्या हाताला यश असतं, डॉक्टर आपला नुसता हाताच्या मागे उभा. वर्तमानपत्रात चोर सापडला तरी तो पकडण्यात ‘पोलिसांना यश’ येतं, जणू मनिऑर्डरच आली. फक्त चौकातल्या फ्लेक्सवर ते ‘घवघवीत’ असतं. तिथला फोटोही तसाच घवघवीत असतो म्हणा. बाकी हा शब्दच आपण आपल्या मतीनं वाकवून घेतलाय. अमरकोशात यश कीर्तीच्या पंगतीला बसतं. हिंदीत अजूनही अपयश म्हणजे बदनामी. आपल्याकडे दहावीत गणित राहिलं तरी अपयश. (माझं राहिलं होतं. दोन्ही अर्थांनी.)

भाचीनं मामीचं वाक्य फॉर्मात घालून पाहिलं: माल चांगला होता, गाठी झाल्या नाहीत, मार्केटचं ऊन कडक मिळालं. वाचून स्वतःच म्हणाली, “बोनस गेला.” त्या चौकटीला ‘मी’ हवा असतो, प्रत्येक ओळीच्या आरंभी. शेवटी तिनं तीन ‘अचीव्ह्ड’ तसेच ठेवले, चार ठिकाणी ‘मेट’ आणि ‘डिलिव्हर्ड’ घातले आणि दोन वाक्यं सरळ कापली. कापलेली कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, हे मी तिला मुद्रितशोधकाच्या अधिकारवाणीनं सांगितलं.

खाली एकच रकाना उरला होता. आपल्यात सुधारणेला कुठे वाव आहे ते लिहा. तिथे मात्र तिला समानार्थी शब्द लागले नाहीत. तिनं आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि टाइप करायला बसली.