भागिलेकाका

भागिले हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे एम. पी. नगरात, फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि झोन दोनमधल्या चहाच्या टपरीवर त्याची कधी गरजही पडली नाही. जगात कुणीही काहीही जिंकलं की काका बशीतला चहा फुंकत विचारतात, "ठीक आहे, पण भागिले काय?" म्हणजे माणसाच्या यशाला आधी त्याच्या गाडीने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा जोडीदाराने भागायचं आणि खाली जे उरेल तेवढंच त्याचं स्वतःचं समजायचं. बहुतेकांचं काही उरत नाही. ते पाहून काकांना चहा गोड लागतो.

काका मूळचे पांढुर्ण्याकडचे. भोपाळात सरकारी नोकरीत हयात गेली, आता निवृत्त. युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे बहुधा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. त्या वेळी कोचिंग सुटलेली पोरं टपरीवर मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभी असतात. ही पोरं 2019 नंतर नेटफ्लिक्सने शर्यतीच्या नादाला लावलेली. त्यांना ड्रायव्हरांचे रुसवेफुगवे पाठ. काकांना त्याशिवाय 1950 पासूनचे निकाल पाठ. पोरांनी टाळी वाजवली की काका खोकतात. तो खोकला म्हणजे भागाकाराची रेघ.

हे शास्त्र भोपाळात दुसरीकडे कुठे रुजलं नसतं. एम. पी. नगरात मान वर केली की आकाशाच्या आधी फलक दिसतात, आणि निकालानंतर त्यांच्यावर टॉपरांचे पासपोर्ट फोटो जिलब्यांसारखे दाटीवाटीने बसवलेले असतात. एका वर्षी एकाच मुलीचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर झळकत होता. काका तिन्ही फलकांखाली जाऊन आले आणि म्हणाले, "पहा रे, ड्रायव्हर एक, गाड्या तीन. आता सांगा, शर्यत कोणी जिंकली?" इतक्या वर्षांत मी ऐकलेला त्यांचा हा सर्वांत निरुत्तर करणारा प्रश्न.

मूळ सिद्धान्त मात्र त्यांनी विदर्भातल्या मामाच्या गावी, शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत उचलला. पट जिंकला की गुलाल जोडीच्या कपाळी लागे, आणि धुरकरी म्हणे की हाकणारा मी होतो. हरला की तोच म्हणे, बैल बसला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू झाल्या. कोर्टाने सगळं पाहिलं, काका म्हणतात, पण मूळ मुद्द्याला हात घातला नाही: श्रेय बैलाचं की हाकणाऱ्याचं? फॉर्म्युला वनमध्ये याची निदान सोय आहे. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या, दोन ड्रायव्हर. तीच गाडी जगात आणखी एकाच माणसाकडे असते, म्हणून खरा वैरी शेजारच्या गॅरेजात बसतो. "भाऊबंदकी," काका खुलासा करतात, "फक्त हेल्मेट घालून."

पुरावा मागितला की ते 19 जून 2005 ची इंडियानापोलिसची शर्यत काढतात. बँकेत पासबुक काढावं तशी, जपून. मिशेलिनचे टायर तिथल्या कललेल्या वळणावर टिकतील याची खुद्द कंपनीलाच खात्री नव्हती. वीस गाड्या शर्यतीआधीची फेरी मारून आल्या आणि चौदा सरळ आत वळल्या. उरल्या सहा: दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. निकाल काय लागला? पहिला-दुसरा फेरारी, तिसरा-चौथा जॉर्डन, पाचवा-सहावा मिनार्डी. सहा माणसं दीड तास जिवाच्या आकांताने गाडी चालवून बरोब्बर आपापल्या कारखान्याच्या ऐपतीने उभी राहिली. आणि चौथा कोण? आपला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. त्या मोसमात त्याला जे पाच गुण मिळाले ते सगळे याच शर्यतीत. त्या रात्री मी पेढे वाटायच्या बेतात होतो. काका म्हणाले, "चौथा भागिले सहा. आणि जोडीदार माँतेरो तिसरा. आता वाट पेढे." मी पेढे घरी नेऊन एकट्याने खाल्ले. अजूनही मला वाटतं, वाटायला हवे होते.

या शास्त्राची एक खोड आहे. आवडत्या माणसाला भागाकार लागत नाही, नावडत्याला दोनदा लागतो. 2023 साली बावीसपैकी एकवीस शर्यती रेड बुलने जिंकल्या, त्यातल्या एकोणीस एकट्या व्हर्स्टापेनने. काका म्हणाले, गाडी. एक पोरगा धिटाईने म्हणाला, "पण काका, पेरेझकडे तीच गाडी होती. दोघांचे गुण 575 आणि 285." काकांना हे येणार हे माहीत होतं. "तीच कुठे? एका भावाच्या मापाने सदरा शिवायचा आणि दुसऱ्याला होत नाही म्हणून त्याला बेढब म्हणायचं!" म्हणजे भाजकालाही भाजक असतो. पोरांनी निमूट समोसे मागवले.

मग सोयरीक जुळवणं आलं. दोन ड्रायव्हर कधीच एका संघात नसले तरी काका त्यांची तुलना करतात, साडू-मेव्हण्यांची नाती लावत लग्नघर गाठावं तशी. एकदा मी वहीत बाण काढत गेलो. हॅमिल्टन रोझबर्गला भारी, 2016 चं पाच गुणांनी हुकलेलं विजेतेपद सोडलं तर. रोझबर्ग तीन मोसम शूमाकरच्या पुढे. शूमाकर सहा वर्षं बॅरिकेलोच्या वर. बॅरिकेलो 2008 साली होंडात बटनला 11 विरुद्ध 3 ने सरस. आणि बटन? मॅक्लारेनमध्ये तीन वर्षांत मिळून 672, हॅमिल्टन 657. म्हणजे बोर्ड ऑफिस चौकातून निघालो आणि चार वळणं घेऊन पुन्हा बोर्ड ऑफिस चौकातच. प्रत्येक जण स्वतःपेक्षा भारी ठरला. काकांनी वही पाहिली, मिटली आणि म्हणाले, "शूमाकर तेव्हा चाळिशी ओलांडून परतला होता. वय भागलं नाहीस तू."

त्यांचं सोन्याचं वर्ष 1988. मॅक्लारेनच्या एकाच गाडीत सेना आणि प्रॉस्ट, सोळापैकी पंधरा शर्यती त्यांच्या. सेना आठ, प्रॉस्ट सात. गुण प्रॉस्टचे जास्त, 105 विरुद्ध 94. पण नियम असा की सर्वोत्तम अकराच धरायच्या, दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'सारखं, म्हणून 90 विरुद्ध 87 ने विजेता सेना. काका यावर पाऊण तास बोलतात. मी फक्त एवढंच म्हटलं, "काका, त्याच वर्षी फेब्रुवारीत हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमची आणखी एक जोडी होती. खेळपट्टी तीच, गोलंदाज तेच, आचरेकर सरही तेच. 664 ची नाबाद भागीदारी. कांबळी 349, सचिन 326. भागा."

टपरीवर रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत राहिला. शेवटी काका म्हणाले, क्रिकेट हा आपला विषय नाही. चाळीस वर्षांत प्रथमच नव्हता. त्या दिवशी चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

कौतुक करायला त्यांनी जगात एकच माणूस शिल्लक ठेवला आहे, अर्जेंटिनाचा फांजिओ. पाच विजेतेपदं, तीही चार निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांत, आणि शेवटचं वयाच्या 46 व्या वर्षी. 2016 साली शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आकडेशास्त्राने गाडी वेगळी काढून ड्रायव्हर मोजले, तेव्हा पहिला फांजिओच आला, आणि यशात ड्रायव्हरपेक्षा संघाचा वाटा फार मोठा असंही निघालं. ही बातमी काकांनी पाकिटात ठेवली आहे. बढतीची यादी लागली त्या वर्षी खात्यात आपला संघ कोणता होता हे ते त्यानंतर मोकळेपणी सांगू लागले.

त्यांच्या घरी मात्र एकच स्कूटर. काका सोमवार ते बुधवार चालवतात, उरलेले दिवस काकू. पेट्रोल दोघांचंही प्रगती पंपावरचं, रस्ता दोघांचाही चेतक पुलावरचा. काकूंनी कॅलेंडरवर टाकी ते टाकी मायलेजचा हिशेब लिहिलेला मी स्वतः पाहिला: काका 41, काकू 52. तीच गाडी, जोडीदार शेजारच्या खोलीत.

"वजन," काका ताबडतोब म्हणाले. "मी 84, ही 58. तिकडे ड्रायव्हर हलका असला तर गाडीत जादा भार टाकून वजन सारखं करतात. नियमच आहे."

काकू काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन आठवडे त्यांनी सीहोरच्या शरबती गव्हाची 26 किलोची गोणी पायाशी ठेवून स्कूटर चालवली.

49 आला.