दोरा, वारा आणि आत्या

आमची आत्या पुण्यात, सदाशिव पेठेत राहते आणि तिची लेक न्यू जर्सीत, एडिसनला. या दोन ठिकाणांमधलं अंतर किती, यावर आमच्या घरात एकमत नाही.

आत्याचा हिशेब तिकिटावरचा. रात्री दीडला विमान मुंबईहून निघतं, सकाळी साडेसातला न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला टेकतं. म्हणजे सहा तास. "याच्यापेक्षा आमचं नागपूर लांब," असं तिनं अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलंय. मधले साडेनऊ तास दोन देशांच्या घड्याळांमध्ये जिरतात, हे तिला कळतं, पण मान्य नाही. त्यात नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि हा फरक साडेदहा होतो. "ठरवा काय ते एकदा," एवढंच ती म्हणाली.

काका भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी माळ्यावरून पृथ्वीचा गोल उतरवला, धूळ झटकली आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र अशी पश्चिमेला जाईलसं वाटतं. दोरा मात्र उत्तरेला पळाला. अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड करत खाली उतरला.

"अमेरिकेला जायला आइसलंड?" आत्या म्हणाली. "रिक्षावाला असता तर तिथंच उतरले असते."

"ताई, पृथ्वी गोल आहे. हाच जवळचा रस्ता."

"असेल गोल. मीटर कुणाचा पळतोय?"

काकांचा हिशेब पुढं चालूच. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेग ताशी नऊशेच्या आसपास, म्हणजे चौदा तास. मग विमानाला साडेपंधरा का लागतात? कारण दोऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी विमान कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आपल्या. शिवाय दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो.

खरा प्रवास मात्र दोऱ्यात बसतच नाही. तो पुण्यात सुरू होतो. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, हे कंपनीचं म्हणणं. त्यात आत्या घाटातला ट्रक, वाशीची कोंडी, मुंबईतला पाऊस आणि ड्रायव्हरचा चहा मिळवते. शिवाय तेवीस किलोच्या बॅगेतून ऐन वेळी भाजणी काढायची की मेतकूट, यावरची चर्चा. रात्री दीडच्या विमानासाठी गाडी दुपारी बाराला दारात उभी! साडेबारा हजार किलोमीटरला साडेपंधरा तास आणि पुणे-मुंबईच्या दीडशेला साडेतेरा. ताशी अकरा किलोमीटर. पुण्यात सायकली उगाच नव्हत्या.

परतीला तोच वारा पाठीमागून ढकलतो आणि तास-दीड तास वाचतो, हे काकांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आत्यानं लगेच तिकीटवाल्याला फोन लावला. विमान कमी वेळ उडतं, इंधन कमी जळतं, मग परतीचं भाडं तेवढंच कसं?

"काकू, तसं असेल तर जाताना जास्त वेळ बसवतो त्याचे जास्त घ्यावे लागतील."

आत्यानं क्षणभर विचार केला.

"जाताना दोन वेळा जेवण देता ना? मग परतीचंच बोला."