दोन डॉलर वाचवण्याची विद्या

इजिप्तला जाऊन आलेला पुणेकर पिरॅमिडबद्दल फार बोलत नाही. पिरॅमिड काय, सगळ्यांनीच फोटोत पाहिलेले असतात. तो सांगतो ते कैरोच्या विमानतळावर आपल्या बॅगेला हात घालणाऱ्या माणसाला त्याने कसे परतवून लावले ते. ऐकणाऱ्याने मध्येच काळजीच्या सुरात ‘मग शेवटी दिलेस की काय?’ असे विचारायचे असते. त्यावर ‘छे! एक दमडी नाही!’ हे उत्तर आले की सहल सुफळ संपूर्ण होते. टूरला माणशी काही लाख पडलेले असतात, पण तो आकडा कोणी विचारत नाही आणि सांगणाऱ्यालाही तो नीटसा आठवत नाही. वाचवलेले दोन डॉलर मात्र पुढे कित्येक वर्षे, दिवाळीच्या फराळाला आणि मुंजीच्या पंगतीत, व्याजासकट आठवतात.

या विद्येचे व्हावे तेवढे कौतुक आपल्याकडे झालेले नाही. ती अंगी बाणवायची तर तयारी घरापासून करावी लागते. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. म्हणून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी आणि सुनेने नको म्हणून सांगितलेला कुकर यांचे मिळून वजन २२ किलो ९०० ग्रॅम भरेपर्यंत काटा हातातून सुटत नाही. उरलेले शंभर ग्रॅम मोकळे सोडणे जिवावर येते, तिथे लसणीच्या चटणीची पुडी बसते. एवढे वजन साठीच्या माणसाने स्वतः ओढायचे ठरवलेले असते, हे इथे लक्षात घ्यावे. मग सुतळी, मग हँडलला लाल रिबीन, मग स्केच पेनने मोठ्या अक्षरांत नाव. अशी बॅग परक्याच्या हाती द्यायची म्हणजे काय चेष्टा आहे?

पुढचा टप्पा मुंबईचा. लोहगावला २०२४मध्ये नवे टर्मिनल झाले, पण परदेशी जाणारी विमाने तिथून मोजकीच सुटतात. त्यामुळे सहारला जायचे, आणि पहाटे तीनचे विमान गाठायला दुपारी चारला निघायचे. घाटात ट्रॅफिक लागला तर? तो लागत नाही आणि मग विमानतळाबाहेर डबा उघडून बसायला वेळच वेळ मिळतो. इथे कॅबचा ड्रायव्हर डिक्कीतून चारही बॅगा उतरवतो, ट्रॉलीवर रचून देतो. त्याला कोणी हमाल समजत नाही. तो ‘आपला माणूस’ असतो, आणि आपल्या माणसाला पैसे दिले तर त्याला वाईट वाटेल अशी आपल्याला रास्त भीती असते.

खरी कसोटी परमुलखात उतरल्यावर लागते. सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलून आपण दाराबाहेर येतो न येतो तोच एक हसतमुख गृहस्थ ट्रॉलीच्या दांड्याला हात लावतो. ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ इजिप्तमध्ये बच्चनचे नाव हा सरकारी शिक्का असल्यासारखा चालतो. तो बिचारा ज्याच्या नावाने ओळख काढतो त्याने १९८३च्या ‘कुली’त ७८६ नंबरचा बिल्ला दंडाला बांधून सामानच उचलले होते, आणि त्यासाठी आपण ब्लॅकने तिकिटे काढली होती. पण सिनेमातला हमाल वेगळा. त्याला चिरीमिरी द्यावी लागत नाही.

अशा वेळी अनुभवी कुटुंबाची व्यूहरचना बघण्यासारखी असते. काका ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरतात. काकू वरच्या बॅगेवर हात ठेवून उभ्या राहतात. मुलगा फोनमध्ये बघतो. समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची नाही हा पहिला नियम, कारण नजर मिळाली की माणूस दिसतो आणि काम बिघडते. नकार इंग्रजीत देऊ नये. इंग्रजीतल्या ‘नो’ला पुढे ‘थँक यू’ जोडायची सवय असते आणि तिथेच घात होतो. त्याऐवजी शनिपाराच्या आवाजात ‘नको म्हटलं ना एकदा!’ असे म्हणावे. शब्द कळत नाहीत, सूर जगात कुठेही कळतो.

काठमांडूचा प्रकार याहून वरच्या पातळीचा. पशुपतिनाथाला निघालेल्या मंडळींची ट्रॉली कोणीतरी दहा पावले ढकलतो, जीपच्या टपावर बॅगा चढवतो आणि हात पुढे करतो.

‘शंभर.’

‘कुठले शंभर?’

‘आयसी.’

आयसी म्हणजे आपले रुपये. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचा १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. पुणेकराने तो विमानातच पाठ केलेला असतो. ‘अहो, तुमच्या देशात तुमचंच चलन चालायला हवं,’ असे म्हणून तो नेपाळी शंभराची नोट काढतो. म्हणजे साडेबासष्ट रुपये. साडेसदतीस वाचले! तोवर जीपमधली दहा माणसे उकडत बसलेली असतात, आणि आत्ये विचारते, ‘अरे, देवाला निघालोय ना?’ हिशेब पूर्ण होईपर्यंत देव कुठे जात नाही.

काही भोळे लोक वेगळाच सल्ला देतात. म्हणे, नको असेल तर एकदा हसून नको म्हणावे, हवे असेल तर बॅगेला हात लावण्यापूर्वीच किती घेणार ते विचारावे, आणि ठरलेले देऊन टाकावे. हा तोडगा मी करून पाहिलेला आहे आणि त्यात अजिबात दम नाही. अर्ध्या मिनिटात सगळे संपते. घरी येऊन सांगणार काय?

या विद्येचे सर्वांत सूक्ष्म अंग मात्र अमेरिकेत दिसते. तिथल्या बऱ्याच विमानतळांवर ट्रॉलीच भाड्याने असते. ढकलायची आपणच, तरी पैसे. आणि कैरोला दोन डॉलरसाठी छातीचा कोट करणारा तोच वीर इथे गुपचूप कार्ड खुपसून पाच-सहा डॉलर मोजतो, साखळीतून सुटलेली ट्रॉली घेतो आणि कौतुकाने म्हणतो, ‘इथे सगळं कसं सिस्टीमॅटिक आहे!’ मशीनशी घासाघीस करता येत नाही, मशीनला घाम येत नाही, त्याच्या घरी पोरे नसतात. म्हणून त्याला दिलेला पैसा योग्य ठिकाणी जातो. हात पुढे करणाऱ्या माणसाला दिलेला पैसा ही लूट. मुंबईत आता हमालसेवा आगाऊ ऑनलाइन ठरवता येते, जीएसटीसकट. तीही चालते. पावती येते ना!

आता कोणी म्हणेल, पुण्याने तरी असे वागू नये. याच शहरात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. पाठीवरच्या ओझ्याला हक्काचा दाम मिळावा म्हणून लढे दिले. १९६९मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, १९७४मध्ये हमालांनी चालवलेली ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ सुरू झाली. आम्हाला याचा अतोनात अभिमान आहे. परदेशातल्या मराठी मंडळात आम्ही त्यावर तासभर बोलू शकतो. पण अभिमान वेगळा आणि सुटे पैसे वेगळे, हा भेद शहाण्याला करता आला पाहिजे. रेल्वेनेही तो केला आहे. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणायचे जाहीर केले. नाव बदलायला खर्च येत नाही, त्यामुळे त्याला आमचा पूर्ण पाठिंबा होता. पुणे स्टेशनावर त्यांच्या मजुरीचे दरपत्रक लावलेले असते. ते आम्ही चष्मा लावून वाचतो, आणि मग त्याहून कमी सांगतो.

तसा या धंद्यावर खरा घाव कोणा पुणेकराने घातलेला नाही. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला १९७२मध्ये चाकांच्या बॅगेचे पेटंट मिळाले, तेव्हापासून ज्याचा तो हमाल झाला. बिनबिल्ल्याचा, बिनपगारी. जिथे जिना येतो तिथे चाके निरुपयोगी ठरतात आणि कमरेत उसण भरते, एवढाच त्यात दोष. त्यासाठी परतल्यावर कर्वे रोडला फिजिओथेरपिस्ट आहेत. ते पाच सिटिंगचे पॅकेज एकदम घ्यायला लावतात. तिथे आजवर कोणी भाव केल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा या सुट्टीत बाहेर जाणार असाल तर माझे ऐका. चलन बदलून घेताना बँकेतला माणूस थोड्या एक-एक डॉलरच्या नोटा देऊ का म्हणून विचारील. मुळीच घेऊ नका. त्या खिशात असल्या की द्याव्या लागतात.