चार वाटा

आमच्या ऑफिसात जागेवरून भांडणं होत नाहीत. स्टोरेज ॲरेमध्ये डिस्क भरपूर आहेत, मागाल तेवढे टेराबाइट मिळतात. भांडण होतं ते तिथवर पोचायच्या पोर्टांवरून. ॲरेला दोन कंट्रोलर, प्रत्येकाला चार पोर्ट, म्हणजे एकूण आठ. समोर सोळा ईएसएक्स होस्ट. प्रत्येकाच्या डोक्यावर पंधरा-वीस व्हर्च्युअल मशिनं, ज्यातल्या निम्म्यांचे मालक केव्हाच कंपनी सोडून गेलेत.

सर्व्हरवाल्यांचा अर्ज एका ओळीचा असतो : ‘सर्व होस्टना सर्व पोर्ट द्यावेत.’ कारणाच्या रकान्यात ‘रिडंडन्सी’. हा शब्द आमच्याकडे ‘वरून आदेश आहे’च्या चालीवर म्हणतात; पुढे प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारतो. स्टोरेजवाल्याला पगार त्याचाच मिळतो.

आता हिशेब बघा. होस्टला फायबर चॅनलचे दोन पोर्ट असतात. एक ‘ए’ फॅब्रिकवर, दुसरा ‘बी’वर. ही दोन फॅब्रिक एकमेकांना कधीच भेटत नाहीत. भेटू नयेत म्हणूनच तर दुप्पट स्विच घेतलेले असतात. प्रत्येक फॅब्रिकवर ॲरेचे चार पोर्ट. सगळ्यांना सगळं दिलं की प्रत्येक लनपर्यंत, म्हणजे ॲरेने कापून दिलेल्या डिस्कच्या तुकड्यापर्यंत, आठ वाटा झाल्या. ईएसएक्स ६.० पर्यंत एका होस्टची मर्यादा २५६ लन आणि १०२४ पाथ अशी होती. १०२४ला आठाने भागा : १२८. म्हणजे रिडंडन्सीच्या हौसेपायी निम्मे लन गेले. चार वाटांवर भागवलं तर पुरे २५६. पुढे ६.५ मध्ये ५१२ लन आणि २०४८ पाथ झाले, ६.७ मध्ये १०२४ आणि ४०९६. आकडे फुगले, भागाकार मात्र दर वेळी चारच. ईएसएक्स बनवणाऱ्या व्हीएमवेअरमध्ये माझ्यासारखा कुणी चिक्कू माणूस बसलेला असणार. त्याच्याबद्दल मला न बघताच आपुलकी वाटते.

“पण साहेब, वाटा जास्त तेवढी सुरक्षितता जास्त ना?” असं तरुण मंडळी विचारतात. केबल तुटली, कार्ड गेलं, स्विच बसला, कंट्रोलर झोपला. यातलं एक काहीही होवो, नीट आखलेल्या चार वाटांतली एखादी तरी उरतेच. आठ दिल्याने वाढतो तो होस्ट चालू व्हायचा वेळ, कारण प्रत्येक वाट त्याला चाचपून बघावी लागते. तेवढ्यात आपला चहा होतो, हा फायदा मी मान्य करतो.

शिवाय आठ दिले म्हणजे आठ वापरले जातात, हाही भ्रमच. जुना ईएसएक्स आपण काही सांगितलं नाही तर आधी सापडेल ती वाट धरायचा, आणि सगळ्या लनसाठी तीच धरून बसायचा. गिरगावातल्या चाळीत नळ चार असले तरी पहाटे सगळ्या कळश्या जिन्याजवळच्या नळाखाली; बाकीच्या तिघांना गंज, आणि तक्रार काय, तर पाणी कमी दाबाने येतं! एका पोर्टाची रांग २०४८ कमांडची धरा. सोळा होस्टनी दहा-दहा लनवर बत्तीस-बत्तीस कमांड सोडल्या की ५१२० झाल्या. ॲरे ‘क्यू फुल’ म्हणतो, सर्व्हरवाले ‘स्टोरेज स्लो आहे’ म्हणतात, आणि मीटिंगला मला बोलावतात.

एका उत्साही गड्याने यावर उपाय काढला. ॲरे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, म्हणजे एका वेळी लनचा ताबा एकाच कंट्रोलरकडे. याने निम्म्या होस्टना ठाम बजावलं, ‘पहिल्याच कंट्रोलरकडून जा’, आणि उरलेल्यांना, ‘दुसऱ्याच’. मग लनचा ताबा इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन्ही कंट्रोलर घामाघूम, काम शून्य. गड्याच्या आलेखात मात्र दोन्ही बाजू अगदी समसमान.

पोर्ट कुणाला हे एकदाचं ठरलं, तरी कळवायचं कसं? ॲरे होस्टला नावाने ओळखत नाही, सोळा हेक्झाडेसिमल अंकांच्या डब्ल्यूडब्ल्यूएनने ओळखतो. तो क्रमांक नव्या कार्डावरच्या लेबलवर असतो आणि डेटा सेंटरमधला मुलगा फोनवरून वाचून दाखवतो. मागे एसीचा घरघराट. त्यात बी, सी, डी, ई सगळे सख्खे भाऊ वाटतात. म्हणून आम्ही गावं ठरवली : ए अमरावतीचा, बी बारामतीचा, सी चिपळूणचा, डी दापोलीचा, एफ फैजपूरचा. ‘ई’ला मुलगा म्हणाला, “इगतपुरी.” मी म्हटलं, “अरे, इगतपुरी ‘आय’ने लिहितात, आणि हेक्झाडेसिमलमध्ये ‘आय’ नसतो.” तो नाशिकचा निघाला. पुढची दहा मिनिटं डब्ल्यूडब्ल्यूएन राहिला बाजूला.

अंक चुकला तर होस्टला काही दिसत नाही, एवढंच. जास्त दिसलं तर खरी धास्ती. व्हर्च्युअल मशिनांचा लन चुकून एखाद्या विंडोज सर्व्हरला दिसला, की ती डिस्क त्याला कोरी वाटते. तो नम्रपणे विचारतो, ‘इनिशियलाइज करू?’ आणि ‘ओके’ दाबणारा माणूस प्रत्येक कंपनीत असतोच. म्हणून मास्किंग, म्हणजे कोणता लन कुणाला दिसावा याची यादी, आणि म्हणून एका झोनमध्ये होस्टचा एकच पोर्ट.

शेवटी मी तक्ता केला. विषम क्रमांकाच्या होस्टना दोन्ही कंट्रोलरांचे पहिले दोन पोर्ट, सम क्रमांकाच्यांना उरलेले. प्रत्येक जोडीतला एक ‘ए’वर, एक ‘बी’वर. लन सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमांकाने, नाहीतर व्हीमोशनने मशिन एका होस्टवरून दुसऱ्यावर नेताना रुसवे सुरू होतात. प्रत्येक होस्टला चार वाटा. साहेबांनी तक्ता बघून विचारलं, “म्हणजे प्रत्येकाला निम्मे पोर्ट बंद?” ‘बंद’ला हो म्हणावं की नाही, ते सुचेपर्यंत त्यांनी सही केली.

दुपारी बॅकअपवाला आला. “आमचा एकच सर्व्हर. सगळे पोर्ट द्या की. आम्हाला फक्त रात्रीच लागतात, तेव्हा कोण असतं?”

मी चौकशी केली. अँटिव्हायरसचं स्कॅन रात्री बाराला. अकाउंट्सचे रिपोर्ट रात्री बाराला. डेटाबेसवाल्यांची इंडेक्सं रात्री बाराला. रात्री कोणी नसतं, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचलेलं. बॅकअपवाल्याला मी दोन पोर्ट आणि पहाटे सव्वातीनची वेळ दिली.

“बारा वीस नाही का जमणार?” तो म्हणाला.